न झिजलेला टायर

एकदा एक तरुण मोटारसायकलस्वार शर्यतीत वळणावर घसरून पडला. खांदा मोडला, यथावकाश सांधला. परंतु त्यानंतर तो एकाही शर्यतीत उतरला नाही. तयारी मात्र अशी करायचा की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावे! शर्यतीच्या दिवशी सर्वांआधी हजर. अंगात चामडी पोशाख, आणि दोन्ही चाकांना टायर गरम करणारी विजेची पांघरुणे गुंडाळलेली. थंड टायर रस्ता धरत नाही, तापलेले रबर धरते, हे त्या विद्येचे पहिले सूत्र. पण निशाण पडण्याची वेळ आली की याचे काहीतरी निघायचेच. कधी क्लच कडक, कधी आभाळ भरलेले. मग पांघरुणे काढायची, चाके निवू द्यायची आणि पुढच्या शर्यतीच्या तयारीला लागायचे.

शेवटी गाडीच्या मालकांनी निक्षून सांगितले, "या रविवारी उतरला नाहीस तर गाडी दुसऱ्याला देणार."

त्या रविवारी त्याच्या वृद्ध वस्तादांनी चमत्कारिकच केले. त्याची तापलेली चाके उतरवून बाजूच्या भंगारात टाकली आणि दुसऱ्या एका स्वाराने आदल्या दिवशी पळवलेली, कडा खरवडलेली चाके गाडीला चढवली.

शिष्याला आधी हायसेच वाटले. मनाची लबाडी पाहा, सबब आयती हाती आली होती! "वस्ताद, कोरे टायर टाकून हे झिजलेले कशाला? यांच्यावर मी कसा जाऊ?"

"त्या कोऱ्यात नख रोवून बघ."

नख रुतेना.

"आता यात."

रुतले.

"ते टायर तू वर्षभर तापवलेस, निववलेस, पुन्हा तापवलेस," वस्ताद म्हणाले. "रस्ता काही त्यांना दाखवला नाहीस. दर खेपेला रबर थोडे थोडे कडक होत गेले. आता कितीही तापव, ते रस्ता धरायचे नाहीत. हे झिजलेत खरे, पण पळून झिजलेत. आजच्यापुरता जीव आहे त्यांच्यात. ऊठ, बस गाडीवर."

शिष्याने हेल्मेट उचलले. समोर गाड्या रांगेत लागल्या, निशाण पडले, सगळ्या निघून गेल्या. तो हेल्मेट हातात धरून तिथेच उभा राहिला.

"मला भीती वाटते, वस्ताद," तो म्हणाला. या वेळी त्याने कुठलेच कारण पुढे केले नाही. "पडल्यापासून वाटते. म्हटलं, तयारी करत राहिलो की जाईल."

या पोरावर वस्तादांनी आपले सारे म्हातारपण खर्चले होते. "जाईल असं मलाही वाटायचं रे," एवढेच ते बोलले.

थोड्या वेळाने मालकांचा माणूस गाडी न्यायला आला. शिष्याने स्वतः हात लावून ती टेम्पोत चढवून दिली.

नुसत्या तयारीतही माणूस संपत जातो. बाहेरून मात्र तो कोराच दिसतो.