चार थापट्या, एक रिकामी

“मग मशीनवर कधी बसवणार, बाई? यंदा, पुढल्या वर्षी, की तुम्ही काठी टेकायला लागल्यावर?”

ओजस ठिगळे हे विचारत होता तो हातात टूथब्रश घेऊन. ब्रश दाताचा, पण घासत होता चकत्या.

सोलापुरातल्या मुलांच्या इस्पितळात ईईजीची एक खोली आहे. पोराच्या मेंदूत वीज कशी खेळते, त्याचा आलेख तिथं काढतात. त्यासाठी डोक्याला एकवीस तारा चिकटवायच्या. प्रत्येक तारेच्या टोकाला टिकलीएवढी चकती, तिच्यात पेस्ट. काम झालं की ती पेस्ट वाळून दगड होते, आणि मग कुणीतरी नळाखाली उभं राहून ती घासायची.

दोन महिने झाले, तो कुणीतरी म्हणजे ओजस. पुण्याहून सोन्याचं पदक घेऊन आलेला! चकत्यांनाही सोन्याचाच मुलामा होता म्हणा, त्यामुळे तक्रारीला तशी जागा नव्हती.

त्या खोलीच्या मालकीण आवटेबाई. कागदावर सिनियर टेक्नॉलॉजिस्ट, एकतीस वर्षांच्या जुन्या. मोठमोठे डॉक्टर दारावर टकटक करून आत यायचे. बाईंच्या गालात कायम लिमलेटची गोळी. पोरांसाठी म्हणून बरणी भरून ठेवायच्या आणि स्वतःच संपवायच्या. पोरांचे दात किडतात म्हणे.

बाईंनी गोळी या गालातून त्या गालात सरकवली.

“ज्या दिवशी मशीनकडे पाठ करून आलेख वाचशील ना... त्या दिवशी मशीन तुझं.”

ओजस तोंडावर हसला नाही, एवढी अक्कल त्याला होती. मनात म्हणाला, झालं! म्हातारी कामातून गेली.

तेवढ्यात दार ढकलून सुवर्णा आत आली. अक्कलकोटकडची बाई, कडेवर सव्वा वर्षाचा मल्लू, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत आधीचे दोन ईईजी, दोन निरनिराळ्या ठिकाणचे. दोन्ही साफ.

“मग तिसरा कशाला?” ओजसनं विचारलं.

“झोपंत दचकतंय की ओ. एवढंसं. दिसत नाही, माझ्या हाताला लागतंय.”

“घरात आणखी कुणी बघितलं?”

“दिसतच नाही म्हटल्यावर कोण बघणार, सर? सासूबाई म्हणतात, पोराचं ऱ्हाऊ दे, तुझ्याच डोक्याला वायरी लाव.” ती हसली, पण ते हसू ओठांच्या पुढं गेलं नाही. “मालक म्हणालेत, आज साफ आलं तर इस्पितळाचं नाव काढायचं नाही. पहिल्यांदा बसायला लागला होता ओ, आता बसत पण नाही.”

ओजसनं मल्लूच्या डोक्यावर बोट फिरवलं. बोट सुळ्ळकन घसरलं.

“तेल! अहो ताई, तेल लावू नका म्हणून चिठ्ठीत लिहिलेलं असतं! याच्यावर चकती काय, माशीसुद्धा बसायची नाही.”

“मी न्हाऊ घालून आणलं होतं. निघताना सासूबाईंनी टाळू भरली. दवाखान्यात जातंय, नजर लागंल म्हणून.”

“मग नजर तर घसरूनच पडेल,” बाई म्हणाल्या, आणि पोराला घेऊन बेसिनपाशी गेल्या.

तीन पाण्यानं डोकं धुवावं लागलं. सासूबाईंचा हात सढळ होता.

मग मात्र ओजसनं पदकाला जागून काम केलं. टेप लावून माप घेतलं, पेन्सिलीनं खुणा केल्या, एकवीस चकत्या बारा मिनिटांत बसवल्या. वरून पट्टी गुंडाळली. मल्लू लढाई हरून आलेल्या शिपायासारखा दिसायला लागला. चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे आईनं त्याला पहाटेपासून जागं ठेवलं होतं. आईच्या कुशीला टेकायचा अवकाश, पापण्या मिटल्या.

“बस,” बाई ओजसला म्हणाल्या.

“कुठं?”

“माझ्या डोक्यावर! अरे, मशीनवर बस.”

ओजस बसला. ऊर असा भरून आला की स्टूल एक इंच वर गेल्यासारखं वाटलं. पडद्यावर रेघा धावायला लागल्या. सगळ्या शांत, शिस्तीत.

आणि पाचव्या मिनिटाला डोक्याच्या मागच्या बाजूच्या रेघांनी उचल खाल्ली. गोल गोल लाटा, एकामागून एक, घड्याळ लावल्यासारख्या. ओजसचे कान तापले.

“बाई! सापडलं! झटका आलाय, चालू झटका! डॉक्टरांना बोलवा!”

कॉटवर सुवर्णाचा चेहरा पांढरा पडला.

बाई जागच्या हलल्या नाहीत. गोळी तेवढी इकडची तिकडे झाली.

“पाठ फिरव.”

“अहो, पण इथं...”

“मशीनकडे पाठ फिरव म्हणते ना.”

ओजसनं मान वळवली.

मल्लू गाढ झोपला होता. सुवर्णाचा हात त्याच्या पाठीवर. थप... थप... थप... थप.

बाईंनी एक बोट वर केलं. सुवर्णाचा हात थांबला. पडद्यावरच्या लाटा थांबल्या. बोट खाली आलं. थप... थप. लाटा पुन्हा हजर.

“औषध कुणाला द्यायचं म्हणतोस?” बाईंनी विचारलं. “पोराला, की हाताला?”

सोन्याच्या पदकाला त्या दिवशी कान असते, तर तेही लाल झाले असते.

आता माणूस ओशाळला की काय करतो? कायदा काढतो. ओजस स्टुलावरून उठला.

“ताई, थोपटायचं एकदम बंद! आलेख खराब होतो. खरं म्हणजे आईनं बाहेरच बसायचं असतं.”

“मागच्या दोन्ही वेळेला पण बाहेरच बसवलं होतं की ओ,” सुवर्णा म्हणाली. “दोन्ही वेळेला रडून रडून जागाच ऱ्हायला. तसाच काढला.”

गालातली गोळी थांबली.

ओजसच्या हे लक्षात आलं नाही. तो दाराकडे बोट करून उभा होता. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि एकदम गोड आवाजात म्हणाल्या, “जा गं, समोर चहा चांगला मिळतो. सर बघतील पोराला.”

सुवर्णा गेली. तिची सावली उंबऱ्याबाहेर पडली असेल नसेल, मल्लूनं डोळे उघडले, खोलीतली अनोळखी तोंडं मोजली, आणि असा सूर लावला की खिडकीतलं कबूतर उडालं!

ओजसनं खुळखुळा वाजवला. चुटक्या वाजवल्या. मांजराचा आवाज काढला, कुत्र्याचा काढला. अंगाई म्हणावी म्हटलं, तर एकही येईना. जे पाठ होतं तेच तो चालीवर म्हणायला लागला. चकत्यांच्या जागांची नावं!

“एफ-तीन, सी-तीन, पी-तीन गं बाई... ओ-दोन, ओ-दोन...”

मल्लू क्षणभर थक्क होऊन गप्प झाला. मग दुप्पट रडला.

बाई शांतपणे जाऊन स्टुलावर बसल्या होत्या.

“माझी जागा, बाई!”

“गेली. थोपट आता.”

“मी?”

“मग मी का? मी आलेख बघतेय.”

ओजस कॉटच्या कडेला बसला आणि थोपटायला लागला. धप् धप् धप्.

“भाकरी थापतोयस का?” बाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. “इथं भूकंप दिसतोय.”

दारात सुवर्णा येऊन उभी होती. चहा कुठला, ती जिन्यापर्यंतसुद्धा गेली नव्हती. इतकी धास्तावलेली, तरी तिला हसू आवरेना.

“सर, तसं नाही ओ. चार थापट्या मारायच्या, पाचवी रिकामी सोडायची. हात उचलायचा नाही, तसाच ठेवायचा.”

“रिकामी कशाला?”

“त्याचा श्वास बघायला. आमच्याकडं असंच करतात.”

ओजसनं केलं. चार... आणि रिकामी. चार... आणि रिकामी. मल्लूचा हुंदका बारीक झाला, मग नुसता श्वास उरला. इवलासा देह ओजसच्या तळव्याखाली वरखाली होत राहिला.

चार... रिकामी...

काहीतरी लागलं.

डोळ्यांना काही दिसलं नव्हतं. पोर झोपलेलंच. पण त्या रिकाम्या पाचवीत, तळव्याखाली, खांद्याच्या पात्याशी... टिचकी मारावी तसं. आतून.

“बाई... आत्ता.”

मागं खुणेचं बटण वाजलं. टक्.

“दिसलं का काही?”

“मागं बघू नकोस.”

चार... रिकामी. चार... रिकामी. चार...

“आत्ता!”

टक्.

उठून पडद्याकडे धावावं असं होत होतं, आणि हात तर उचलता येत नव्हता. तो तसाच पाठमोरा, श्वास रोखून बसला. घाम नाकावरून हनुवटीवर आला, तो पुसायलासुद्धा हललेला नाही.

“आत्ता.”

टक्.

“आत्ता!”

मागं बटण वाजलं नाही.

“ही तुझ्याच हाताची होती,” बाई म्हणाल्या. “श्वास सोड, मरशील.”

त्यानं श्वास सोडला. पुन्हा चार, पुन्हा रिकामी. पुढच्या अर्ध्या तासात सहा वेळा “आत्ता” म्हणाला, सहा वेळा बटण वाजलं. प्रत्येक वेळी सुवर्णा त्याच्या तोंडाकडे बघायची, परीक्षेचा निकाल बघितल्यासारखी. शेवटी तिला राहवलं नाही.

“लागलं ना सर? हाताला लागलं ना?”

आता आली का पंचाईत! आलेखात काय आहे ते टेक्नॉलॉजिस्टनं घरच्यांना सांगायचं नाही, ते डॉक्टरांनी सांगायचं. हा नियम ओजसला नावासारखा पाठ होता. पण तिनं कुठं आलेखाचं विचारलं होतं?

“लागलं, ताई,” तो म्हणाला. “तुम्ही म्हणत होता तसंच.”

सुवर्णानं पदर तोंडात कोंबला. हसत होती की रडत होती, कोण जाणे. भिंतीला टेकून खाली बसली आणि तीन-चार वेळा नुसतं “हां... हां...” म्हणाली.

“आता बघ,” बाई म्हणाल्या. “हात तिथंच ठेवून.”

ओजसनं खांद्यावरून वळून बघितलं. चार गोल लाटा, मग कोरी जागा. चार लाटा, कोरी जागा. आणि अधूनमधून एखाद्या कोऱ्या जागेत, बाईंच्या खुणेच्या रेघेला खेटून, एक टोक. सुईसारखं. वर जाऊन खाली आलेलं.

बाईंनी फोन उचलला. “डॉक्टर, चहा झाकून ठेवा आणि या.”

डॉक्टर आले. पडदा बघितला. मागं नेला, पुढं आणला, पुन्हा मागं नेला.

“आधीच्या दोन्हींत यातलं काहीच नाही. ते जागेपणी काढलेत, हे झोपेतच उमटतं,” ते म्हणाले, आणि सुवर्णाकडे वळले. “बरं झालं, हट्ट धरलात. याला औषध आहे. आजच सुरू करू. घरी कुणाला काही विचारायचं असेल, तर त्यांना माझ्याकडे पाठवा.”

“सासूबाईंना पाठवते,” सुवर्णा ताडकन म्हणाली.

“तेलाची बाटली काढून घेऊन पाठव गं,” बाई म्हणाल्या.

सगळे हसले. मल्लू चुळबुळला. ओजसचा हात आपोआप चालू झाला. चार... रिकामी. पोर पुन्हा शांत.

डॉक्टर गेले. ओजसच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पाठ अवघडली होती, आणि चेहरा मात्र वरातीतल्या घोड्यासारखा नुसता फुरफुरत होता.

“बाई! पाठ करून वाचला की नाही आलेख? सांगा! आता मशीन माझं ना?”

बाईंनी बरणी उघडली. एक लिमलेटची गोळी काढली, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या तोंडात न टाकता त्याच्या तोंडात टाकली. स्टुलावरून उठल्या, ते पायानं त्याच्या बाजूला सरकवलं.

“मशीन? घे की रे, कधीही घे...” त्या म्हणाल्या. “हात तेवढा काढू नकोस.”