मृदुलाने धुकं हटवलं

घाटमाथ्यावर हणमंतराव पिसाळांचं हॉटेल होतं. तिथे काउंटरवर बसणाऱ्या मृदुला जंगमने पर्यटन व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेतली आणि मॅनेजरची जागा मागितली.

त्या सकाळी दाट धुकं होतं. दरी दिसेना, म्हणून पाहुणे चिडून बॅगा भरत होते.

हणमंतराव म्हणाले, "एवढी डिग्री आहे ना? मग हे धुकं हटव. जागा तुझी!"

"बरं," मृदुला म्हणाली. पदवीच्या अभ्यासासाठी ती दरीतल्या धनगरवाडीत राहिली होती. धुक्यात तिथली माणसं एकमेकांना हाका देतात. तिने पाहुण्यांना कठड्यापाशी नेलं आणि हाक द्यायला लावली.

खालून एका बाईचा आवाज आला, "ओऽऽ! जेवलासा काऽऽ?"

"नाहीऽऽ!" पाहुणे ओरडले.

"मग या की खाली! भाकऱ्या थापतेय!"

सगळे खळखळून हसले.

"पण धुकं कुठं हटलं?" हणमंतराव गुरगुरले.

"साहेब, ज्या पाहुण्याला ते हटवून हवंय, त्याला पुढे आणा. लगेच हटवते."

पाहुणे तर वाडीची वाट विचारत होते. हणमंतरावांनी मॅनेजरच्या खोलीची किल्ली तिच्या हातात ठेवली आणि स्वतःही भाकरी खायला निघाले.