चौथे बटण

कृष्णाकाठच्या एका नगरात एक वृद्ध ध्वनिसंयोजक राहत असत. 'ध्वनिसंयोजक' हा शब्द आपला, छापील. गावात त्यांना सगळे 'माइकवाले काका' म्हणत आणि तेही त्याच नावाला ओ देत. तिथल्या नाट्यगृहात, प्रेक्षकांच्या पाठीमागे भिंतीला लागून एक टेबल होते. त्या टेबलामागे बसून काकांनी चाळीस वर्षे नाटके ऐकली, मैफली ऐकल्या आणि पुढाऱ्यांची भाषणेही ऐकली. भाषणांच्या वेळी ते डोळे मिटून घेत. झोपत नसत, पण फारसे जागेही नसत.

हर्षदा ही त्यांची शिष्या. वय बत्तीस, इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतलेली, आणि कारखान्यातली बरी नोकरी सोडून 'आवाजाचं काम शिकायचंय' म्हणून काकांच्या दारात उभी राहिलेली. तीन वर्षे तिने वायरी गुंडाळल्या, माइक पुसले आणि मुख्य म्हणजे ऐकले. आता काका थकले होते. नाट्यगृहाच्या कार्यकारिणीने नवा डिजिटल मिक्सर घेतला, म्हणजे सगळ्या माइकांचे आवाज एकत्र करून स्पीकरकडे धाडणारे यंत्र, आणि काकांच्या खुर्चीवर हर्षदाला बसवायचे ठरवले.

जुना मिक्सर टेबलावरून काढला त्या दिवशी काका त्याच्याजवळ बराच वेळ उभे राहिले. त्याच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावून ते प्रत्येक कार्यक्रमाला कलाकारांची नावे पेन्सिलीने लिहीत. 'माइक एक, माइक दोन' असे त्यांनी कधी लिहिले नाही. जुनी पट्टी न काढताच नवी लावायची त्यांची सवय, त्यामुळे तिथे चांगला बोटभर थर साचला होता. काकांनी नखाने एक कोपरा उचलला. खालून एक नाव निघाले, त्याच्याखाली आणखी एक. त्यातली निम्मी माणसे आता हयात नव्हती. काकांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. "किती गोड गायचे गं सगळे," एवढेच म्हणाले.

नव्या मिक्सरसोबत हर्षदाने स्वतःच्या पैशांनी आणखी एक वस्तू आणली होती. तळहाताएवढी पट्टी, तिच्यावर आठ बटणे. प्रत्येक बटणाला हवे ते काम शिकवून ठेवता येते. मग एकदा दाबले की मिक्सरवरच्या दहा कळा एका क्षणात आपापल्या जागी जातात. मैफलीच्या आधीच्या मंगळवारी बसून हर्षदाने ती शिकवली. पहिले बटण निवेदकाचे, दुसरे स्वरांची जुळवाजुळव चालू असतानाचे, तिसरे गायनाचे. चौथे समाप्तीचे. ते दाबले की गायिकेचा माइक बंद, तंबोरे आणि साथीदारांचे माइक बंद, निवेदकाचा माइक सुरू. सारे एका टिचकीत.

काकांनी बटणे दाबून पाहिली आणि लहान मुलासारखे खूश झाले. "मला दोन हात पुरायचे नाहीत, तिथं तुला एक बोट पुरतंय," ते म्हणाले. म्हातारी माणसे नव्या यंत्राला नाके मुरडतात असा आपला एक समज असतो. काकांनी तो पार खोटा पाडला.

हर्षदाचा पहिलाच कार्यक्रम होता कुमुदताईंचा. एके काळी या नगरात कुमुदताईंचे गाणे म्हटले की दुपारपासून रांग लागे. आता त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर होते. मोठ्या आजारपणानंतर सहा वर्षांनी त्या पुन्हा व्यासपीठावर बसणार होत्या. गावात कुजबुज चालली होती, जमेल का त्यांना? ही कुजबुज त्यांच्याही कानावर गेली होती. आल्या आल्या त्या काकांना म्हणाल्या, "आज जमलं नाही मला, तर पुन्हा मी गायला बसायची नाही. तानपुरा पेटीत घालून टाकेन."

रविवारी सकाळी नऊला मैफल सुरू झाली. सभागृह भरले होते. हर्षदाने तिसरे बटण दाबले आणि कुमुदताईंचा षड्ज सभागृहात उमटला. आवाज बारीक झाला होता, पण सूर जागच्या जागी होता. काका तिच्या शेजारी स्टुलावर बसले होते. पाऊण तास सारे सुरळीत चालले. लोकांनी दोनदा टाळ्या दिल्या, तेव्हा हर्षदाच्या जिवात जीव आला.

आणि मग अंतऱ्याच्या मध्येच कुमुदताई थांबल्या.

आधी वाटले, श्वास घेताहेत. तबलजीने एक आवर्तन सांभाळले, दुसरे सांभाळले, मग त्याचेही हात मंद झाले. कुमुदताईंची मान खाली गेली. पहिल्या रांगेत कुणीतरी खाकरले. विंगेत उभ्या असलेल्या, कार्यकारिणीच्या चिटणीसांचा चेहरा पडला होता. त्यांनी हर्षदाकडे पाहून दोन्ही हात आडवे हलवले. संपवा. निवेदकाने तर घाईघाईने आभाराचा कागद उघडलाही. हर्षदाला कुमुदताईंकडे बघवेना. एवढ्या लोकांत या बाईंची शोभा होता कामा नये, एवढेच तिच्या मनात आले. तिचे बोट चौथ्या बटणावर गेले.

त्याच क्षणी काकांनी आपला पंजा त्या आठही बटणांवर पालथा टाकला.

"काका, त्यांना आठवत नाहीये," ती कुजबुजली.

पंजा तसाच ठेवून काकांनी दुसऱ्या हाताने तंबोऱ्याची कळ धरली आणि ती सावकाश, अगदी केसभर केसभर, वर नेली. गायिकेसमोरच्या छोट्या स्पीकरमधून तंबोरा थोडा भरला. चिटणीस विंगेतून अजून हात हलवत होते. हर्षदाला काकांचा राग आला. म्हातारा हट्टाला पेटलाय आणि भोगायचे त्या बाईंनी, असेच तिला वाटले.

कुमुदताईंनी मान वर केली. डोळे मिटले. तंबोऱ्यात थोडा वेळ नुसताच आपला स्वर मिळवला, आणि सुटलेली ओळ जिथून सुटली होती तिथून उचलली. ती ओळ आधी दोनदा झाली होती, पण आताची वेगळीच होती. सभागृहातल्या जाणत्या माणसांनी मांड्यांवर हात मारले. पुढे त्या पन्नास मिनिटे गायल्या.

कार्यक्रम संपला, लोक पांगले. वायरी गुंडाळता गुंडाळता हर्षदाने विचारले, "काका, तुम्हाला कसं कळलं त्या पुन्हा गातील म्हणून?"

"मला कुठं कळलं होतं?" काका म्हणाले. "बस इथं. बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो, कुणाला सांगितलेली नाही. संगीत नाटक होतं. नायकाचं काम करणारे गृहस्थ साठीचे. पदाच्या मध्येच ते असेच थांबले. व्यवस्थापकानं खूण केली. मला त्यांची दया आली, मी कळ खाली ओढली, पडदा पडायला लागला. आणि बघतो तर काय, त्यांचे ओठ हलत होते! ते पुढची ओळ गात होते गं. आवाज माझ्या हातात होता आणि मी तो बंद केलेला. त्यानंतर ते उभे राहिले नाहीत रंगमंचावर. मला मात्र एका शब्दानं बोलले नाहीत. रस्त्यात भेटले की चहा पाजायचे. तो चहा अजून घशाखाली उतरत नाही माझ्या."

हर्षदाने वायर खाली ठेवली आणि त्या आठ बटणांकडे पाहिले.

"तेव्हा तुझ्या बटणांना बोल लावू नकोस," काका पुढे म्हणाले. "माझ्याकडे बटणं नव्हती, तरी मी तेच केलं. घाई चांगल्या मनानं केली ना, की ती घाई वाटत नाही, दया वाटते. आपल्याला वाटतं आपण त्यांची लाज राखतोय. खरं तर त्यांची ती अवस्था आपल्याच्यानं बघवत नसते. कुमुदताईंनी हात जोडले होते का? त्या उठल्या होत्या का? मग संपलं हे ठरवणारे आपण कोण? बटणात तू तुझं मंगळवारचं ठरवणं साठवलंस, ते चोख आहे. पण ऐकणं साठवता येत नाही, बाळ. रविवारचं रविवारीच ऐकावं लागतं."

तेवढ्यात सुनेचा हात धरून कुमुदताई टेबलाशी आल्या. "मध्ये तंबोरा कुणी वाढवला?" त्यांनी विचारले. "मला वाटलं, सगळे मला सोडून गेले. तेवढ्यात तो वाढला, तेव्हा कळलं, कुणीतरी थांबलंय माझ्यासाठी."

काकांनी हर्षदाकडे बोट दाखवले. "हिनं."

हर्षदा काही बोलायला गेली, पण कुमुदताईंचा हात तिच्या गालावर आला होता. तिला रडूच कोसळले. ते कशाचे, हे तिथल्या दोघांनाच ठाऊक होते.

सगळे गेल्यावर तिने मिक्सर पुन्हा सुरू केला. चौथ्या बटणाची कामे उघडली आणि त्यातून एक काम पुसून टाकले. काका चष्मा पुढे करून पाहत होते.

"गायिकेचा माइक काढलास? मग तो बंद कसा करणार?"

"हातानं," हर्षदा म्हणाली. "आणि त्या उठल्यावर."

काकांनी खुर्चीच्या पाठीवरचा आपला गमछा उचलला, खांद्यावर टाकला आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून ते त्या टेबलाशी आले नाहीत. यायची गरजच उरली नव्हती.

आपणही बोलता बोलता अडलेल्या माणसाचे वाक्य किती तत्परतेने पुरे करून टाकतो!