आबांच्या नव्या ट्रॅक्टरला जुनं मीटर

निवृत्तीच्या जुन्या ट्रॅक्टरच्या ऑइल प्रेशरच्या मीटरचा काटा तळाला गेला आणि दिनकरआबा तपासायला आले. आबांनी पान्याचं एक टोक चालू इंजिनाला टेकवलं, दुसरं कानाला लावलं, डोळे मिटले आणि निकाल दिला, "बेरिंगं संपली. भंगाराच्या भावात मीच नेतो. तेवढीच तुला मदत."

निवृत्तीने मान डोलावली. आबांच्या कानापुढे गावात कुणाचं काही चालत नसे.

"बाबा, इंजिन तर खडखडत नाही. आधी मीटर तपासा की," कॉलेजातून आलेली त्याची लेक तेजल म्हणाली.

"गप बस! मोठ्यांपुढे अक्कल पाजळू नकोस," निवृत्ती चारचौघांत खेकसला.

तेजल गप्प बसली, पण पाना हातात घेऊन. तिने ते मीटर सोडवलं आणि दारात उभ्या असलेल्या आबांच्या नव्या कोऱ्या ट्रॅक्टरला, त्याचं मीटर काढून त्या जागी जोडलं. "करा चालू, आबा."

आबांनी हसत चावी फिरवली. काटा तळालाच राहिला.

"अरेरे! आबा, तुमचीही बेरिंगं संपली," तेजल हळहळली. "भंगाराच्या भावात आम्हीच नेतो. तेवढीच तुम्हाला मदत."

माणसं खो खो हसली. आबांचं मीटर जुन्या ट्रॅक्टरला लावून तो चालू केला, तर काटा झरकन वर चढला.

निवृत्तीला मात्र हसू येईना. आबा परके होते. लेकीला गप्प तर त्यानेच केलं होतं.

"बाबा, मघाशी सगळ्यांसमोर बोललात. आताही बोला. विकायचा ट्रॅक्टर?"

निवृत्तीची मान वर झाली नाही. पण सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "आधी मीटर तपासायला हवं होतं."