तांब्याभर श्रावण

उदंडराव महाराजांना नौका हवी होती. जलमहालासमोरच्या तळ्यात पाण्याचा टिपूस नव्हता, ही गोष्ट वेगळी. राजाने हवी म्हटली की हवी!

जलमहाल बांधताना लाकडासाठी धाकटा डोंगर पार बोडका केला होता. महाल झोकात उभा राहिला, आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात त्या डोंगराचा ओढा आटला. तळं भरणार होतं ते नेमकं त्याच ओढ्यावर! तळं कोरडं का, याचा शोध दिवाण गुंडोपंतांनी लावला. डोक्याला फार ताण दिला नाही, कारण ताण द्यायला तिथे फारसं काही नव्हतं.

"महाराज, शेजारच्या थोरल्या डोंगरावरची झाडं पाणी पितात! ती तोडू. नौकेला सागवान मिळेल आणि झाडं पितात ते पाणी सरळ आपल्या तळ्यात येईल!"

"वा! याला म्हणतात अक्कल!" महाराज म्हणाले, आणि शंभर कुऱ्हाडींना धार लागली.

ही बातमी हौसा पाटकरणीच्या कानावर गेली. थोरल्या डोंगराच्या ओढ्याचं पाणी पाटाने पाच गावांच्या शेतांना पाळीपाळीने सोडायचं, हे तिचं काम. पाळी ठरवायची तर ओढ्यात पाणी किती, ते आधी कळायला हवं. म्हणून तिने दोन्ही डोंगरांच्या ओढ्यांत खुणा पाडलेला एकेक वेळू रोवला होता आणि रोज सकाळी ती पाणी किती बोटं आहे ते पाहून यायची. धाकटा ओढा बोटाबोटाने मेलेला तिने डोळ्यांनी पाहिला होता. आता थोरलाही जाणार! ती संतापली आणि तडक दरबारात गेली.

"महाराज, झाडं पानी पितात खरी, पर राखत्यात बी. पावसाळ्यातलं उन्हाळ्याला देत्यात."

"ऐकलंत?" गुंडोपंत खिदळले. "झाडं आता कोठार सांभाळणारी कोठावळी झाली! कमरेला किल्ल्या बिल्ल्या आहेत का गं?"

महाराजांनी मिशीवर ताव दिला. "असं? मग गेल्या श्रावणात पडलेला पाऊस या वैशाखात मला पाजून दाखव! तांब्याभर पुरे. पण घागर, रांजण, हौद, विहीर, तळं, माणसाने साठवलेलं काहीही चालणार नाही. मुदत उद्या दुपारपर्यंत. नाही जमलं, तर थोरल्या डोंगरावर पहिला घाव तुझ्या हातचा!"

दरबार हसला. महाराजांच्या मागोमाग हसणं, एवढं एकच काम त्याला चोख जमायचं.

"जमंल की," हौसा म्हणाली. "पर म्या एकटीनं आणलं तर लबाड ठरंन. दिवाणसायबांला संगं द्या. त्येंच्याच हातानं भरू."

गुंडोपंतांचं तोंड उतरलं. डोंगर ही वस्तू त्यांनी आजवर खिडकीतूनच पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणजी डोंगर चढले, म्हणजे चार शिपायांनी त्यांना चढवलं. वर गर्द सावलीत, पालापाचोळ्याच्या थराखालून, एका उंबराच्या मुळाशी झरा झुळझुळत होता. दिवाणजींनी आधी सात ओंजळी स्वतःच्या घशात ओतल्या आणि मग तांब्या भरला.

दुपारी महाराजांनी तो तांब्या तोंडाला लावला. "अहाहा! गारेगार!"

"महाराज, फसवणूक!" गुंडोपंत ओरडले. "हे कसलं श्रावणातलं? हे आज सकाळचं ताजं पाणी आहे! मी स्वतः भरलं!"

"सकाळचं?" हौसाने विचारलं. "मंग सकाळी पाऊस कुठं पडला, दिवाणसायेब? तुमी भिजला हुता खरं, पर घामानं!"

"पाऊस कशाला हवा? झऱ्यातून आलं!"

"झऱ्यात कुठनं?"

"जमिनीतून!"

"आन् जमिनीत कुठनं?"

गुंडोपंत अडखळले, आणि मग एकदम खुलले. "पाताळातून! पाताळात पाणी असतंच. श्रावणाचा काय संबंध?"

"वाहवा!" दरबार गरजला.

"बोल बाई," महाराज म्हणाले. "पाताळाला काय उत्तर आहे तुझ्याकडे?"

इथे हौसाची जीभ चुकली असती, तर उद्या कुऱ्हाड तिच्याच हातात येणार होती. ती दिवाणजींकडे वळली.

"दिवाणसायेब, दोन्ही डोंगर किती लांब?"

"लांब कुठले? खेटून आहेत!"

"पाऊस येगयेगळा पडतो?"

"एकच ढग, एकच पाऊस!"

"आन् पाताळ?"

"पाताळ काय दोन असतात, अडाणी बाई?"

"तीन वर्सामागं वैशाखात दोन्ही ओढ्यांत चार चार बोटं पानी हुतं. ह्ये शिपाई बी तितं कपडे धूत हुते, इचारा त्येंला! आज थोरल्यात तेवढंच हाय आन् धाकट्यात ठणठणाट. पाऊस तोच, पाताळ तेच! मंग धाकट्याच्या बुडाखालीच पाताळ आटलं? पाताळाला कुंपण कुणी घातलं? थोरल्यावर झाडं हायत, त्येंनी श्रावणाचं पानी मुळाशी राखलं, त्येच आज तांब्यात आलं!"

शिपायांनी जोरजोरात माना डोलावल्या.

"आन् झाडं पानी पितात म्हनं! धाकट्या डोंगरावर प्यायला एक झाड उरलं न्हाई. मंग त्या ओढ्याचं पानी प्यालं कोन, दिवाणसायेब?"

दिवाणजी छताकडे पाहू लागले, जणू तिथे कुणी उत्तर लिहून ठेवलंय.

आधी महाराजांचं पोट हललं, मग मिशा हलल्या, आणि मग महाराज असे हसले की डोक्यावरचा मंदील घसरून कानावर आला! "गुंडोपंत, सांगा की! कोण प्यालं?" त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाच्या हातात घातलं. "आजपासून थोरला डोंगर तुझ्या ताब्यात! लिही रे कारकुना, हौसाला विचारल्याशिवाय तिथली काडीसुद्धा कुणी तोडायची नाही!"

हौसाने मुजरा केला, पण ती जागची हलली नाही.

"आता आणखी काय?"

"महाराज, ह्यो हुकूम कुनाकुनाला लागू?"

महाराजांनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि पुन्हा खो खो हसत मांडीवर थाप मारली.

"लिही कारकुना, लिही! राजालासुद्धा!"