गाणारा रांजण

एका राज्यात बाळाच्या कानात नाव सांगण्याआधी त्याच्यासाठी नवं गाणं बांधायची रीत होती. रावाच्या बाळाला नवं, रंकाच्या बाळाला नवं. एकाचं गाणं दुसऱ्याला चालत नसे. ही गाणी बांधायचं काम बकुळाक्काकडे होतं. तिच्या आधी ते तिच्या सासूकडे होतं, आणि त्याआधी सासूच्या सासूकडे.

बकुळाक्का बाळंतिणीच्या घरी तीन दिवस जाऊन बसे. बाप कसा खाकरतो, आजी कशी रागावते, दाराची कडी कशी वाजते, सगळं ऐकून घेई. मग बारशाला पाळण्याची दोरी हातात धरून तीन ओळी गाई आणि गप्प बसे. चौथी ओळ घरच्यांची. ज्याला जशी सुचेल तशी त्याने म्हणायची. कोणाचा सूर चुके, कोणाचे शब्द अडखळत, आणि पाळण्याभोवती हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी येई.

एके दिवशी झिंगार नावाचा जादूगार सात बैलांच्या गाड्यावर तांब्याचा मोठा रांजण घेऊन आला. राजा शुभंकरापुढे वाकून म्हणाला, "महाराज, या रांजणाने सात समुद्रांपलीकडची गाणी पिऊन ठेवली आहेत. याच्या तोंडाशी बाळाचं नाव सांगावं. पापणी लवायच्या आत नवं गाणं मिळेल."

"याचं आम्ही काय द्यावं?"

"काहीच नको, महाराज. प्रजेने वापरला की मी भरून पावलो."

रांजण गाऊ लागला. बकुळाक्काही ऐकायला गेली होती. खोटं कशाला सांगावं, गाणं सुरेख होतं. तिचेही डोळे भरून आले. पहिलं गाणं सुरेख, दुसरं त्याहून सुरेख. बायका रांजणापुढे रांग लावू लागल्या आणि बकुळाक्काच्या दारची वर्दळ थांबली. तिची सून पारू बाळंत झाली तेव्हा तीही म्हणाली, "सगळ्यांच्या पोरांना रांजणाचं गाणं. माझ्याच पोराला घरचं का?" बकुळाक्काला ते लागलं. ती तांदूळ निवडत बसली.

वरीस उलटलं आणि लोकांच्या ध्यानात आलं, की रांजण आल्यापासून जन्मलेली बाळं हसत नाहीत. दूध पीत, झोपत, वेळेवर रडत. हसत मात्र नसत. बकुळाक्काचा नातू आठ महिन्यांचा झाला. तिने त्याच्यापुढे टाळ्या वाजवल्या, बोकडासारखी ओरडली, डोक्यावर टोपली घालून नाचली. नातू तिच्याकडे सावकारासारखा गंभीरपणे बघत राहिला.

अंगणातल्या शेवग्यावर एक भारद्वाज येऊन बसला. त्या राज्यात पक्षी बोलत, आणि त्याचं कोणाला नवल वाटत नसे.

"अक्का, टोपली उतरव. हा शाप आहे," भारद्वाज म्हणाला.

"कुणाचा?"

"रांजणाचा. कोणी त्याला हरवीपर्यंत या राज्यात बाळ हसायचं नाही. त्याच्याशी तीन पण लावायचे, तीन पैजा. त्यांतला एक जिंकलीस तरी पुरे. तिन्ही हरलीस तर तुझा आवाज रांजणात जाईल आणि तू मुकी होशील."

"आणि तू काय करशील?"

"मी बघायला येईन. भारद्वाज दिसणं शुभ असतं, असं लोक म्हणतात. मी म्हणालो नाही."

बकुळाक्का दरबारात गेली आणि रांजणाशी पण लावायचे म्हणाली. राजाची लेक दहा महिन्यांची होती आणि तीही कधी हसली नव्हती. राजाने विचारलं, "अक्का, आवाज गेला तर?"

"नातू हसत नसेल, महाराज, तर आवाज घेऊन काय करू?"

पहिला पण लागला. सूर्य कासराभर वर येईपर्यंत नव्या चाली बांधायच्या. रांजणाने शंभर बांधल्या आणि मागाहून आणखी पाच. बकुळाक्काच्या अकरा झाल्या, त्यांतल्या दोन सख्ख्या बहिणींसारख्या दिसत होत्या. ती हरली.

दुसरा पण लागला. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत खंड न पडता गायचं. रांजण थांबला नाही. दुपारी बकुळाक्काला ठसका लागला, पहारेकऱ्याने गूळपाणी दिलं, पाण्यामागून एक जांभई आली. ती पुन्हा हरली.

बाहेर पायरीवर ती गळा धरून बसली. भारद्वाज जवळ येऊन म्हणाला, "दोन्ही वेळा तू रांजण व्हायला गेलीस, अक्का. रांजणापेक्षा चांगला रांजण तू कशी होशील?"

"मग काय होऊ?"

"ते मला काय ठाऊक? मी गातो तेव्हा लोक दगड मारतात."

तिसरा पण लागला. राजकन्येला हसवायचं. रांजण असा गायला, की दरबाराचे खांब डोलले, भिंतींवरच्या चित्रांतल्या वेलींना खरी फुलं आली, मोर आत येऊन नाचू लागले. राजकन्येने अंगठा तोंडात घातला आणि रांजणाकडे टक लावून पाहिलं.

बकुळाक्का पुढे आली. म्हणाली, "मला तीन दिवस राजवाड्यात राहू द्यावं."

झिंगार हसला. "माझ्या रांजणाला क्षण पुरतो."

"त्याला कोणाच्या घरी बसावं लागत नाही."

राजाने होकार दिला. तीन दिवस बकुळाक्का राजवाड्यात बसली आणि ऐकत राहिली. चौथ्या दिवशी तिने सोन्याच्या पाळण्याची दोरी हातात घेतली.

"काकणं किणकिणली, राजवाडा उठला,
दूध उतू गेलं, बल्लव सगळ्यांवर रुसला,
सिंहासनी राजा 'हुश्श' करून बसला..."

आणि ती गप्प झाली.

रांजणाने तत्काळ चौथी ओळ जोडली. चंद्राची उपमा होती, फार गोड होती. राजकन्या हलली नाही.

"ही तुझी ओळ नव्हे, बाबा," बकुळाक्का रांजणाला म्हणाली. "घरच्यांची आहे." आणि तिने राजाकडे पाहिलं.

राजा म्हणाला, "आम्ही राजे आहोत. आम्ही गात नाही."

"दरबारी राजे असाल," राणी म्हणाली, "पाळण्यापाशी बाप आहात. म्हणा."

राजा घसा खाकरून उभा राहिला. आवाज वंगण नसलेल्या चाकासारखा निघाला. "मुकुट त्याचा घसरून..." इथपर्यंत आला आणि शब्द विसरला. कपाळावर घाम आला, मान खाली गेली, आणि डोक्यावरचा मुकुट खरोखरच घसरून नाकावर येऊन बसला. "नाकावरती बसला," राजा मुकुटाच्या आतून म्हणाला.

राजकन्येने अंगठा बाहेर काढला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता, पण तो असा फजीत झालेला तिने कधी ऐकला नव्हता. ती हसली. आधी ओठांत, मग दोन्ही दात दाखवून, मग पाळणा हलेल इतकी. राणी हसली, पहारेकरी हसले, रुसका बल्लवसुद्धा हसला.

त्याच क्षणी राज्यातली सगळी बाळं हसली. गल्लोगल्ली आया कामं टाकून पाळण्यांकडे धावल्या.

झिंगारने हार मानून हात जोडले. राजाने विचारलं, "अक्का, रांजण फोडू?"

"नको, महाराज. त्यात कितीतरी आज्यांची विसरलेली गाणी आहेत. ज्याला हवं त्याने जाऊन ऐकावं. बारशाला मात्र त्याला बोलवू नये."

राजाने तशी दवंडी पिटवली. बकुळाक्का पालखी नाकारून पायीच घरी पळत सुटली. अंगणात पारू बसली होती आणि तिच्या मांडीवर नातू खदखदत होता. बकुळाक्काने त्याला उचलून छातीशी धरलं.

पारू खाली बघत म्हणाली, "आत्याबाई, याचं बारसं पुन्हा करू या."

"आता कशाला? हसतंय की."

"त्याचं झालं," पारू म्हणाली. "मला माझी ओळ म्हणायचीय."

बकुळाक्का नातवाला कडेवर घेऊन तिच्या शेजारी बसली आणि घर ऐकू लागली. त्या घरी जसं बाळ हसलं, तसं तुमच्या-आमच्या घरीही हसो, आणि गाणाऱ्याचा सूर चुकला तरी गाणं न थांबो.