मुहूर्तावरची गोधडी

एक होता राजा, भानुसेन. त्याची राणी चंपावती. एकदा राणीनं राक्षसाच्या तळ्यात पाय बुडवले, आणि पाय झाले दगडाचे! वर तो दगड रोज थोडा थोडा चढायला लागला.

मग राजा जोगिणीकडे गेला. ती म्हणाली, "राणीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी तुझ्या हातानं शिव. दिवसाला टाक्यांची एकच ओळ. जास्त घातलीस तर सगळं उसवेल. पुरी झाली की राणीच्या अंगावर घाल."

सोपं होतं की नाही? एक ओळ! पण आमचा राजा कुठला ऐकायला! म्हणाला, "शुभकाम आहे, मुहूर्तावर धरू." पाडव्याला बसला. सनई काय, चौघडा काय! जोशात पन्नास ओळी घातल्या. सकाळी बघतो तर सगळ्या उसवलेल्या. दगड गुडघ्यापर्यंत.

मग म्हणतो कसा, "आता अक्षय्य तृतीयेला." तेव्हा साठ घातल्या! दगड कमरेपर्यंत. मग दसरा, मग शंभर! दगड गळ्याशी आला. नंदू, हसतोस काय? तूही पाढे सोमवारपासूनच म्हणणार होतास ना? किती सोमवार गेले रे मेल्या?

मग राणी कडाडली, "अहो, उद्या मला बोलताही यायचं नाही! आत्ता ओवा ती सुई!"

त्या दिवशी अमावास्या होती, बरं का. राजानं रडतरडत सुई ओवली. एक ओळ घातली, वाकडीतिकडी, आणि उठला. दगड तिथंच थांबला. मग रोज तोंड धुतलं की एक ओळ. ताप आला, एक ओळ. पाहुणे आले, एक ओळ.

वर्ष सरलं. एकच ओळ उरली, तर हा शहाणा विचारतो, "शेवटची पाडव्याला घालू का गं?" आता काय म्हणावं अशा माणसाला! राणीनं नुसते डोळे वटारले. राजानं गुपचूप ओळ घातली, गोधडी राणीच्या अंगावर पांघरली, आणि राणी चालायला लागली. राजा ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी राजानं तोंड धुतलं आणि सुई ओवून बसला. करतो काय, हात ऐकेना! राणीनं आणखी दोन लुगडी आणली आणि दुसऱ्या टोकाला बसून तीही शिवायला लागली.

तशीच दोघं सुखानं म्हातारी झाली. मिटा आता डोळे. आणि नंदू, उद्या मंगळवार आहे. दोनचा पाढा, तेवढाच.